कुठलं ‘ब’?

भिंगरीचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासरे म्हणाले होते, "या पोरीच्या पायाला भिंगरी लावलीय का कुणी?" आणि तेव्हापासून ती सगळ्यांची भिंगरी झाली. सासरे गेले, नाव राहिलं. चष्म्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती करायची. त्या कामात तिच्याइतकी सावकाश बाई शोधून सापडली नसती, कारण काच घाईला भीक घालत नाही. पण खुर्चीवरून उठली की संपलं. चहा उभ्याने, जेवण अर्ध्यावर, चपला पायात सरकवता सरकवताच दार ओढून घेतलेलं.

सासूबाई तिच्या अगदी उलट. बालवाडीतल्या पोरांची नाकं पुसण्यात आणि त्यांना थोपटून झोपवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. निवृत्त झाल्यावर माणसं पाय पसरून बसतात, यांनी बी.ए.ला नाव घातलं. तेही बहिःस्थ, आणि विषय भूगोल. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आयुष्यभर एका खोलीत राहिले बाई. कुठे काय आहे ते कळू तरी दे."

पहिल्या खेपेला नकाशावाचनाच्या पेपरात त्या नापास झाल्या. लेकाने टिंगल केली असती तर त्यांनी ती हसून सोडून दिली असती. पण लेक भला माणूस. लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून दमून आलेला, तरी आईशेजारी बसला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "जाऊ दे गं आई. या वयात कशाला जिवाला त्रास? आराम कर." तो पाठीवरचा हात सासूबाईंना निकालापेक्षा जास्त लागला. त्यातच मध्यंतरी एकदा स्वयंपाकघरात त्यांना चक्कर आली, ओट्याला धरून त्या खाली बसल्या, आणि लेकाने फर्मान काढलं की आईने एकटीने कुठेही जायचं नाही. ती कुठे निघाली तर आधी मला सांगायचं, असा बायकोकडून शब्दच घेतला.

आता सासूबाईंनी तिच्याकडून दुसरा शब्द घेतला होता.

"मी परत परीक्षेला बसतेय हे त्याला सांगायचं नाही. पास झाले तर मीच सांगेन. नाही झाले तर सांगण्यासारखं काही नसेलच."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"डोळे तपासायला गेलो होतो म्हण. तुझाच धंदा आहे."

भिंगरी हसली आणि हो म्हणाली. एकाच घरात दोन उलटसुलट शब्द देऊन बसलोय, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण एका सकाळचा तर प्रश्न, असं म्हणून तिने ते बाजूला सारलं.

पेपरच्या दिवशी लेकाच्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघी आपापल्या जागी अगदी निरागस चेहऱ्याने बसून होत्या. मग भिंगरीने पर्स उचलली, सासूबाईंनी राखाडी स्वेटर चढवला, आणि दोघी बस पकडून विद्यापीठाच्या मोठ्या दरवाजाशी उतरल्या. वेळ भरपूर होता. निदान उतरताना तसं वाटलं.

दरवाजातून आत पाऊल टाकल्यावर भिंगरीचे डोळेच फिरले. तिला वाटलं होतं, विद्यापीठ म्हणजे एक मोठी इमारत असेल, फार तर दोन. इथे रस्त्यांना रस्ते फुटत होते. चौक होते, बसथांबे होते, मधोमध मैदान होतं, आणि जिथे बघावं तिथे झाडांच्या आडून एखादी इमारत डोकं वर काढत होती. पोरं पाठीला सॅक लावून, कानात इअरफोनची बोंडं घालून, आपापल्या वाटेने अशी चालली होती की जणू त्यांचे पायच त्यांना नेत होते.

"ब संकुल," भिंगरी प्रवेशपत्रावर वाचत म्हणाली. "चला, विचारूया."

"विचारायचं कशाला? डावीकडे," सासूबाई म्हणाल्या. "मी संगणकावरून नकाशा काढून आणला होता, चांगला आठवडाभर बघितलाय. डावीकडे वळायचं, तळ्याच्या कडेने पलीकडे गेलं की ब संकुल."

"आई, नकाशात असतं ते जागेवर असतंच असं नाही. थांबा."

नकाशाच्याच पेपरात नापास झालेल्या बाईच्या नकाशावर विसंबून राहायचं, हे भिंगरीला पटेना. ती तसं बोलली नाही, पण ते ऐकू आल्यासारख्या सासूबाई गप्प झाल्या.

दरवाजावरच्या वॉचमनने हात लांब करून टेकडीकडे दाखवलं. "ब ना? ती काय पिवळी इमारत. सरळ वर."

मध्येच खात्री करून घ्यावी म्हणून भिंगरीने दोन मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, "थंड कॉफी मिळते त्या कॅन्टीनच्या मागे." कुठलं कॅन्टीन ते त्यांना सांगता येईना. मग एका प्राध्यापकासारख्या दिसणाऱ्या गृहस्थांना गाठलं. त्यांनी चष्मा वर सरकवून, ती इमारत कुणाच्या कारकिर्दीत बांधली आणि तिचं मूळ नाव काय होतं ते सांगितलं, आणि शेवटी टेकडीकडेच बोट केलं. दोघांनी एकच दिशा दाखवली म्हटल्यावर भिंगरीचं ठरलं. सासूबाई चढावर दोनदा थांबल्या. "ही दिशा उलटी आहे गं," असं एकदा म्हणाल्या. भिंगरी म्हणाली, "आई, बोलू नका, धाप लागेल."

वर पोचल्यावर कळलं की ते विज्ञान शाखेचं ब संकुल. रसायनांचा आणि जळक्या गॅसचा वास येत होता, आणि पांढरा कोट घातलेली एक मुलगी दारातच म्हणाली, "बहिःस्थची परीक्षा? इथे नाही हं काकू. इथे आमचं प्रॅक्टिकल चालू आहे."

"मग कुठे?"

"ते खाली ऑफिसात विचारा."

उतरताना सासूबाईंचा गुडघा बोलायला लागला. मुख्य कार्यालयाच्या अलीकडे एक सिमेंटचं बाक होतं, त्यावर भिंगरीने त्यांना बसवलं. त्यांचा चेहरा घामेजला होता. पेपर सुरू व्हायची वेळ तोंडावर आली होती. सुरू झाल्यावर अर्ध्या तासापर्यंत आत घेतात, असं प्रवेशपत्रावर छापलं होतं, तेवढाच काय तो आधार.

"इथून हलू नका. मी खिडकीवर विचारून येते. हलायचं नाही हं!"

"अगं, पण मी सांगतेय ना—"

"आई, प्लीज!"

आवाज जरा जास्तच चढला. बालवाडीतल्या पोरांशीसुद्धा सासूबाई कधी त्या सुरात बोलल्या नसतील. प्रवेशपत्र आणि पेनं असलेली पारदर्शक पिशवी त्यांनी मांडीवर धरली. फोन आत चालत नाही म्हणून तो आधीच भिंगरीच्या पर्समध्ये गेला होता.

चौकशीच्या खिडकीवर रांग होती. रांगेच्या तोंडाशी एक मुलगा आपल्या गुणपत्रिकेतलं आडनाव कसं चुकलंय ते साग्रसंगीत सांगत होता. भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. अखेर तिचा नंबर आला तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बहिःस्थ विभाग वेगळा. सूचना फलक बघा." सूचना फलकावर कागदावर कागद चिकटवलेले. त्यात भूगोल कुठे दिसेना. भिंगरी तशीच माघारी धावली.

बाकावर सासूबाई नव्हत्या.

भिंगरीने बाकाच्या मागे बघितलं, झाडामागे बघितलं, जवळच्या स्वच्छतागृहात जाऊन "आई, आई" म्हणून प्रत्येक दारावर थाप मारली. एका दाराआडून कुणीतरी वैतागून "आहे हो आत!" म्हणालं, तो आवाज वेगळा. बाहेर येऊन तिने सवयीने सासूबाईंचा नंबर लावला, आणि तिच्याच काखेतली पर्स वाजायला लागली. ते वाजणं ऐकून तिला रडू फुटायच्या बेतात आलं.

डावीकडे, तळ्याच्या पलीकडे, असं त्या म्हणत होत्या. भिंगरी डावीकडे पळत सुटली. तळं लागलं. पाणी हिरवं, काठ उतरता, कठड्याचा पत्ता नाही. आणि काठाकाठाने जाणारा रस्ता खणून ठेवलेला. पाइप टाकायचं काम चाललं असावं. रस्ताभर चर, चरावर एक फळी टाकलेली, आणि पुढे लाल फडकं बांधलेली दोरी. त्या गुडघ्याने सासूबाई या फळीवरून गेल्या असतील हे शक्यच नाही, असं तिने मनाशी ठरवलं. मग तिची नजर पाण्याकडे गेली. तिने ती जबरदस्तीने वळवली. पुन्हा गेली. घामेजलेला चेहरा, उतरता काठ, मागच्या महिन्यातली चक्कर. मन कुठे कुठे जातं त्याला काही धरबंध नसतो.

"इथे एक वयस्कर बाई दिसल्या का? राखाडी स्वेटर?" तिने तळ्याकाठी पुस्तक वाचत पडलेल्या मुलाला विचारलं.

"मी आत्ताच आलो."

पुढे जो भेटेल त्याला ती हेच विचारत सुटली. ग्रंथालयात गेली तर दारावरचा माणूस ओळखपत्र मागू लागला. पुन्हा टेकडीवर गेली. पांढऱ्या कोटातली मुलगी म्हणाली, "काकू, पाणी प्या आधी." पाणी कुठलं पिते! कुणीतरी सांगितलं की आवारात दवाखाना आहे, कुणाला बरं वाटेनासं झालं तर तिथेच नेतात. ती तिथे पोचली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि एका चपलेचा पट्टा निघाला होता.

"हो, आणलंय मघाशी एका बाईंना," परिचारिका म्हणाली. "रस्त्यात भोवळ आली त्यांना. तुम्ही त्यांच्या कोण?"

"सून."

"या."

पडद्यापलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून एक बाई निजली होती. केस तसेच पांढरे. पायांवर चादर. भिंगरी खाटेपाशी गुडघ्यावर बसली आणि "आई" म्हणाली. बाईंनी मान वळवली. सासूबाई नव्हत्या. कुणी वेगळ्याच होत्या, नाकीडोळी नीटस, डोळ्यांत झोप. भिंगरीला सुटल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच, कारण शोध अजून संपलेला नव्हता.

"तू कोण गं?" बाईंनी विचारलं.

"चुकून आले. माझ्या सासूबाई परीक्षेला आल्यात, त्या सापडत नाहीयेत."

"सापडतील," बाई म्हणाल्या. "माझ्या घरच्यांना मात्र कळवू नका म्हटलं तर या पोरींनी लगेच फोन फिरवला. आता बघ, उद्यापासून मला अंगणातसुद्धा सोडायचे नाहीत." आणि त्यांनी भिंगरीचा हात धरून ठेवला. भिंगरीला तो सोडवून पळायचं होतं. पण हात थंडगार होता, त्यामुळे ती मिनिटभर तशीच बसून राहिली, बाहेर दाराकडे बघत.

निघताना परिचारिकेने विचारलं, "परीक्षेला आल्यात म्हणालात ना? मग कला शाखेच्या ब मध्ये बघितलंत का?"

"कला शाखेचं वेगळं ब आहे?"

"आहे की. तळ्याच्या पलीकडे. रस्ता खणलाय, पण वसतिगृहांच्या मागून जाता येतं."

भिंगरी तिथे उभीच राहिली. तळ्याच्या पलीकडे. सकाळपासून सासूबाई दुसरं काय सांगत होत्या? मग ती जी धावली ती थेट एका बैठ्या, दगडी इमारतीशी जाऊन थांबली. दाराच्या कमानीवर भलंमोठं ‘ब’ कोरलेलं होतं. दार आतून लावलेलं होतं आणि बाहेर शिपाई स्टूल टाकून बसला होता.

"आत परीक्षा चालू आहे. आवाज नको."

"माझ्या सासूबाई आत आहेत का, एवढंच सांगा. भूगोल. राखाडी स्वेटर."

"तसं सांगता येत नाही."

"अहो, हो किंवा नाही एवढंच!"

शिपायाने आतून एका पर्यवेक्षकांना बोलावलं. ते दार बोटभर उघडून कुजबुजले, "बाई, परीक्षार्थींची माहिती बाहेर देता येत नाही. पेपर सुटला की बघा."

"त्या हरवल्यात! त्यांना चक्कर येते! आत नसतील तर मला तळ्यावर माणसं पाठवायची आहेत, कळतंय का तुम्हाला?" भिंगरीचा आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला. "तुमच्या आईच्या बाबतीत असं झालं असतं तर तुम्ही असेच बोटभर दारातून बोलला असता?"

दार बंद झालं. खिडक्या उंचावर, तावदानं दुधी. ती टाचा उंचावून बघायला लागली तसा शिपाई उठून तिच्यासमोर उभा राहिला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवरा. तळ्याकाठी असताना तिने त्याला एकदा फोन लावला होता, तेव्हा तो उचलला गेला नव्हता. ते ती विसरूनच गेली होती.

"लिफ्टच्या खड्ड्यात होतो, आत्ता बघितला तुझा फोन. काय झालं?"

काही नाही, सहज केला होता, असं म्हणता आलं असतं. शब्द राहिला असता. बहुतेक त्या आत असतीलच. पण ते ‘बहुतेक’ तिला गिळवेना.

"अहो, आई सापडत नाहीत."

आणि मग सगळंच सांगावं लागलं.

तो आला तेव्हा डोक्यावर हेल्मेट तसंच, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. आल्या आल्या म्हणाला, "शब्द दिला होतास तू मला."

"हो."

"मग?"

"मग त्यांनाही दिला होता. कुठला मोडू ते कळलं नाही."

"हसण्यावारी नेतेस?"

"मी हसतेय असं दिसतंय का तुम्हाला?"

शिपाई अवघडून दुसरीकडे बघू लागला. नवऱ्याने त्याच्याशी, मग पर्यवेक्षकांशी हुज्जत घालून बघितली. त्याचीही डाळ शिजली नाही. मग तो तळ्याच्या दिशेने निघून गेला. भिंगरीला त्याच्यामागे जायचं होतं आणि दारही सोडायचं नव्हतं. ती व्हरांड्यात येरझारा घालत राहिली, इतक्या की शिपाई म्हणाला, "बसा हो बाई, मलाच गरगरायला लागलंय." ती बसली आणि लगेच उठली.

नवरा परत आला तो बूट आणि पँटचे पाय चिखलाने भरवून. काठाने पार पाण्यात उतरून त्याने बघितलं होतं. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला. मग जरा वेळाने त्याने तिच्या चपलेचा निघालेला पट्टा बघितला, ती पायातून काढून घेतली आणि खिशातल्या तारेने बांधायला लागला.

घंटा झाली. दार उघडलं. माणसं बाहेर पडू लागली. कुणी नोकरीवरून आलेले, कुणी पोराला कडेवर घ्यायला धावणारी बाई, एक लष्करी मिशांचे आजोबा. राखाडी स्वेटर कुठे दिसेना. माणसांचा लोंढा ओसरला. भिंगरी एका पायात चप्पल, एक पाय उघडा अशी दारात उभी. मग सगळ्यांच्या शेवटी, पिशवीत पेनं नीट लावत, बोटांना शाई लागलेल्या सासूबाई आल्या.

त्यांनी आधी लेकाकडे बघितलं, मग त्याच्या बुटांकडे, मग भिंगरीकडे.

"सांगितलंस."

"हो," भिंगरी म्हणाली. आणखी खूप काही म्हणायचं होतं, पण एवढंच निघालं.

लेकाने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. "आई, बरी आहेस ना? चक्कर वगैरे? बस जरा. पाणी आणू?"

सासूबाईंनी दंड सोडवून घेतला. "मी पेपर लिहीत होते. मला काय धाड भरलीय? तुझीच अवस्था बघ. कुठे लोळून आलास?"

त्याची हनुवटी लहान पोरासारखी थरथरली. ते बघून सासूबाई जरा नरमल्या. "मला चहा हवाय," त्या म्हणाल्या.

शेजारच्या कॅन्टीनमध्ये एका डगमगत्या टेबलाशी तिघं बसली. लेक चहा आणायला खिडकीशी गेला. सासूबाई बोटांची शाई रुमालाला पुसत होत्या, पण ती निघत नव्हती.

"फळीवरून गेलात तुम्ही?" भिंगरीने विचारलं.

"हो. बसून बसून, सरकत. कुणी बघत नव्हतं." त्या थांबल्या. "तू यायची वाट बघितली असती तर दार बंद झालं असतं. तुला शोधत बसले असते तरी झालं असतं. निघाले."

"निदान कुणाजवळ निरोप—"

"ठेवायला हवा होता. सुचलं नाही. तुझ्यावर चिडले होते मी."

भिंगरीने मान खाली घातली. आता सगळं मिटलं, असं तिला वाटलं. पण सासूबाई रुमालाची घडी घालत म्हणाल्या, "आणखी एक आहे. तुझा आवाज ऐकला मी."

"कधी?"

"बाहेर ओरडत होतीस तेव्हा. मी दाराच्याच बाजूला बसले होते. सगळं ऐकू आलं. तळं, चक्कर, सगळं."

भिंगरीने हात टेकला तसं टेबल डगमगलं.

"उठून दारात यायला हवं होतं. पण मध्येच उठलं की पेपर काढून घेतात, सुरुवातीलाच सांगितलं होतं त्यांनी. पर्यवेक्षकांना खूण करावी असंही मनात आलं. हात वर केलासुद्धा. मग खाली घेतला. वाटलं, हा एवढा नकाशा पुरा करू दे."

"म्हणजे मी तिथे जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि तुम्ही आत बसून नद्या काढत होतात?"

"डोंगर. नद्या मागाहून."

भिंगरी उठली. खुर्ची मागे जाऊन पडली. ती कॅन्टीनच्या बाहेर गेली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि ढसाढसा रडली. सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर आलं. पोरंपोरी बाजूने जात होती, बघत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. सासूबाईंचा इतका राग तिला लग्नानंतर कधी आला नव्हता. आणि त्या रागाच्या बुडाशी, कसं कोण जाणे, त्यांनी हात खाली घेतला ते बरंच केलं, असंही वाटत होतं. ते वाटणं तिला अजिबात नको होतं. पण ते होतं.

ती परत आली तेव्हा खुर्ची उचलून ठेवलेली होती आणि तिचा चहा बशीने झाकलेला होता.

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली.

"येणारच. मलाही तुझा आलाय."

"तो जाणार नाही एवढ्यात."

"माझाही नाही. चहा पी."

लेक एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याला काही उमगेना. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे आता झालं ना? संपली परीक्षा?"

"परवा एक पेपर आहे."

"मी सोडतो. आणि न्यायलाही येतो."

"मी एकटी जाईन," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. बालवाडीतल्या हट्टी पोराला सांगतात तसा. "फोन दरवाजावर जमा करीन, आणि बाहेर आले की लावीन."

त्याने भिंगरीकडे बघितलं. तू तरी समजाव, असं त्या बघण्यात स्पष्ट होतं. भिंगरीने चहाचा घोट घेतला. ‘नाही’ हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. तळ्याचा तो उतरता काठ अजून डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"जाऊ दे त्यांना," ती म्हणाली.

परवाच्या दिवशी सासूबाई एकट्या गेल्या. भिंगरी दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासत बसली. सकाळी एका काचेची कड उडाली. दुसऱ्या काचेची उडाली तेव्हा दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "आज तू फ्रेमचे स्क्रूच घट्ट कर बाई." नवऱ्याचे फोन येत होते.

"आला का आईचा?"

"तुम्ही सारखी लाइन अडवून ठेवली तर कसा येईल?"

"बरं, ठेवतो." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "आला?"

पेपर सुटायची वेळ झाली आणि टळूनही गेली. फोन येईना. भिंगरी दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली, पुन्हा आत बसली. आपण त्या दिवशी ‘जाऊ दे’ कशाला म्हणालो, या एकाच विचाराने तिचं डोकं भणाणून गेलं. दरवाजावरच्या वॉचमनचा नंबर कुठे मिळेल, दवाखान्याचा कुठे मिळेल, अर्धी रजा मागावी का, असं सगळं मनात चालू असताना फोन वाजला.

"बसमध्ये बसले," सासूबाई म्हणाल्या. मागे गाडीच्या इंजिनाची घरघर होती. "खिडकी मिळाली."

"इतका उशीर? कुठे होतात?"

"एक बाई भेटली परीक्षेला आलेली. दोघी मिळून ते सगळं आवार जरा फिरलो. केवढं आहे गं ते! मागे फुलझाडांची रोपं करतात, ती काचेची घरं बघितली. फोन हातात घेतल्यावर आधी तुला लावायचा होता, हे मात्र विसरले. चिडलीस ना?"

"हो."

"पेपर बरा गेला. एक प्रश्न सोडला."

"का?"

"येत नव्हता." त्या हसल्या. "घरी आल्यावर काय भांडायचं ते भांड. गाडी सुटली, ठेवते."

भिंगरीने फोन बाजूला ठेवला. मग आठवून नवऱ्याला कळवलं, तो नुसता "हुश्श" म्हणाला आणि पलीकडे त्याने हातोडा की काहीतरी खाली टाकल्याचा आवाज आला. मालकीणबाईंनी पडद्यातून डोकावून विचारलं, "आला का फोन? मग घे आता ती जाड काच, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे."

"घेते," भिंगरी म्हणाली. पण तिचे हात अजून थरथरत होते. तिने ते टेबलावर पालथे ठेवले आणि थांबेपर्यंत काचेला शिवली नाही.